म्या यिनचा तोडगा

टानबिनगोन गावात दॉ म्या यिनला, म्हणजे म्या यिनबाईला, कुणी शोधत आलं, तर लोक तिच्या घराकडे नाही, काटेरी रानाकडे बोट दाखवतात. "दुपारी या, विहाराच्या फाटकाशी भजी तळत असेल. आत्ता बाई कासवांमागे," असं सांगतात आणि वर हसतात. हसू येण्यासारखंच आहे म्हणा. साठीला टेकलेली बाई, गालांवर थनाखाच्या सालीचा पिवळा लेप, डोक्यावर बांबूची टोपी, आणि हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी लोखंडी काड्यांची जाळी. ती जाळी डोक्यावर धरून बाई बोरीबाभळींतून हिंडते आणि गळ्यातल्या डब्यातून येणारी टकटक ऐकते. डावीकडे वळलं की टकटक वाढते, उजवीकडे वळलं की विरते. वाढत वाढत डबा ओरडायला लागला की बाई खाली वाकून झुडपात हात घालते आणि म्हणते, "इथं आहेस होय सटवे! काल कुठं तोंड काळं केलं होतंस?"

ही सटवी म्हणजे कासवी. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेली, जमिनीवरची. जगाच्या पाठीवर ही जात फक्त आमच्या या कोरड्या मुलखातल्या रानांत होती, आणि आम्ही शहाण्यांनी ती भाजून खाऊन, पोत्यांत भरून सीमेपलीकडे धाडून पार संपवत आणली. म्या यिन शिकाऱ्याची लेक. लहानपणी बापाची कुत्री एका सकाळी सहा-सात कासवं हुडकायची, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे तिची लेक चो झिन शाळा संपवून बाहेर पडली, तोवर आठवडाभर रान तुडवलं तरी एक दिसेना. मग अभयारण्यवाल्यांनी कुंपणात वाढवलेली साठ कासवं आमच्या रानात आणून सोडली, प्रत्येकाच्या पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र चिकटवलं, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला गावातून माणसं मागितली. पहिला हात वर केला तो म्या यिननं. सगळी सभा वळून बघायला लागली. का, ते सांगतो. पण आधी त्या तोडग्याचं सांगायला हवं, कारण बाईचं सगळं आयुष्य त्याच्याभोवतीच फिरलं.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. म्या यिनचा नवरा ऊ फो लोन ताडावर चढणारा गडी. सकाळ-संध्याकाळ तीस-तीस ताडांवरून रस उतरवायचा, बायको तो आटवून गूळ करायची. एका सकाळी शिडीचं पेर तुटलं आणि गडी खाली आला. कंबरेखालचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कांबीत पाय बांधला आणि बजावलं, "ऐंशी दिवस चटईवरून हलायचं नाही. त्यानंतर उठून बसेल." म्या यिनला ऐंशी दिवस थांबवेना. घरात चार वर्षांची पोर, चुलीवर रिकामी कढई, आणि नवरा रोज म्हणायचा, "यिन, मी काही यातून उठत नाही बघ." ती ज्योतिषाकडे गेली. त्यानं पाटीवर आकडे मांडले, मान हलवली आणि तोडगा दिला: मरणाच्या दारातला एक जीव सोडवायचा, नवऱ्याच्या वयाइतके सोन्याचे वर्ख त्याला चढवायचे, आणि विहाराच्या तळ्यात सोडायचा.

मरणाच्या दारातला जीव शोधायला लांब जावं लागलं नाही. बापाच्या घरी खांबाला एक कासव बांधून ठेवलेलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला. म्या यिननं ते सोडवून आणलं. पाठीवर तेहतीस वर्ख चढवले. विहारातल्या भंतेंनी परित्त, म्हणजे रक्षणाची सूत्रं, म्हटलं, बाईनं पुण्याचं पाणी सोडलं, आणि तळ्याच्या मधोमध छातीभर पाण्यात जाऊन तिनं कासव हलकेच सोडून दिलं. ते खाली गेलं. अगदी शांतपणे, सोनं चमकवत खाली गेलं आणि पुन्हा वर आलं नाही. म्या यिनला भरून आलं. तिला वाटलं, सुटलं बिचारं.

नवव्या दिवशी फो लोन उठून बसला. हाड मोडल्यापासूनचा तो ऐंशीवा दिवस होता. पण हाडवैद्याचं बोलणं तेव्हा कुणाच्या लक्षात राहिलेलं?

पाय आखूड राहिला, गडी कायमचा लंगडा झाला, पण जगला. आणि म्या यिनच्या जिभेला पंख फुटले. कढईपाशी येईल त्याला ती गोष्ट सांगायची. कासव कसं शांत होतं, सोनं कसं चमकलं, नवरा कसा उठून बसला. ऐकणाऱ्याचे डोळे भरायचे, आणि बाई एक भजं जास्त घालायची. बघता बघता आजूबाजूच्या पाच गावांत "म्या यिनचा तोडगा" असं त्याचं नावच पडलं. कुणाचं पोर परीक्षेला बसलंय, कुणाचा मुलगा मलेशियात कामाला निघालाय, कुणाचा नवरा दारू सोडत नाही, की आण कासव, चढव वर्ख, सोड तळ्यात. शिकाऱ्यांनाही बरं झालं. व्यापारी पोतंभर नेत होता, त्यात विहारासाठी एखाददुसरं बाजूला ठेवायला त्यांची काय हरकत असणार? पुढे रानात कासवंच उरली नाहीत तेव्हा तोडगा आपोआप बंद पडला. शहाणपणानं नव्हे, माल संपला म्हणून.

नऊ वर्षांपूर्वी पाऊस दगा देऊन गेला आणि विहाराचं तळं तळापर्यंत आटलं. आता गाळ तरी काढून घेऊ म्हणून सगळं गाव टोपल्या घेऊन उतरलं. म्या यिनच्या तिसऱ्या का चौथ्या टोपलीत काहीतरी खणकलं. तिनं चिखल पुसला. कासवाची पाठ होती. रेघांच्या खाचांत सोनं होतं. मग दुसरी निघाली, तिसरी निघाली. सगळ्या, तळ्याच्या मधोमध, जिथं सोडली तिथंच, एकीवर एक. काठापर्यंत आलेली एकही नव्हती. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस पाठी निघाल्या, आणि काठावर उभी असलेली माणसं एकमेकांकडे न बघता टोपल्या उचलत राहिली.

म्या यिनला कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिला आठवत राहिले ते पाय. या कासवाचे पाय जाड, खांबासारखे, बोटांमध्ये पडदा नाही. ते पोहत नाही, त्याला पोहता येतच नाही. लहानपणापासून ती हे कासव कोरड्या रानात बघत आली होती, नदीकाठी एकदाही नाही. आणि तरी ज्योतिषी 'तळं' म्हणाला तेव्हा तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही. कासव म्हणजे पाण्यातलं, एवढंच डोक्यात. ज्याला आपण शांत बुडी म्हणत होतो, ती काय होती, हे तिला त्या चिखलात उभं राहून कळलं आणि तिनं हातातली पाठ छातीशी धरून ठेवली. नवे भंते तिच्याजवळ आले. "पुरून टाकू, उपासिके," एवढंच ते म्हणाले. "यापुढे तळ्यात काही सोडायचं नाही. लोकांना सांगू, तळं लहान आहे." लोकांनी आपापली समजूत घालून घेतली, की म्हातारी होऊन मेली असतील. म्हातारपणी तळ्याच्या मधोमध जाऊन एकमेकांवर मरायचं, अशी त्यांची काय रीत असते देव जाणे! पण माणसाला जे मानायचं असतं ते तो मानतो.

घरी फो लोन वाट बघत होता. लंगड्याला गाळ काढायला कोण नेणार? त्यानं विचारलं, "पाठी निघाल्या म्हणे. माझं होतं का गं त्यात?"

त्याच्या उशाशी त्या कासवाचं चित्र होतं, कोळशानं काढलेलं. आपल्या बदली एक जीव मोकळा फिरतोय, या समजुतीवर त्या माणसानं पंधरा वर्षं काढली होती. दारू सोडली होती, कुणाशी भांडण ठेवलं नव्हतं. म्या यिन म्हणाली, "तुमचं कशाला असेल? ते केव्हाच सांडव्यातून ओढ्याला लागलं असेल." आणि जेवण वाढायला उठली. खोटं बोलली, आणि ते खोटं तिला आजतागायत पचलेलं नाही.

म्हणून तिनं हात वर केला होता.

अभयारण्याचा तरुण अधिकारी को थेट नाउंग तिला मावशी म्हणतो आणि घाबरतो. त्यानं तिला पुष्कळ शिकवलं. या कासवीला अंडी घालायच्या वयाला यायला दहा वर्षं लागतात. वर्षाला चार-पाच अंडी, त्यातली निम्मी घोरपडींच्या पोटात. म्हणजे एक मोठी मादी मारली, की वीस-पंचवीस वर्षांची पुंजी गेली. "मावशी, कोंबड्या नाहीत या, की एक कापली आणि दुसरी उबवली," तो म्हणाला होता. त्याच्याकडून न शिकलेली एक गोष्ट बाईनं स्वतः शोधली: कासवांच्या लेंड्यांतून बोरीची रोपं उगवतात. कुत्र्यांनी रान साफ केलं तेव्हापासून खडकाळ अंगाला एकही नवी बोर आली नव्हती. आता परत यायला लागली होती. बोरांचं लोणचं घालणाऱ्या बायकांना ती हे ऐकवायची, "खा, खा. कासवांच्या कृपेनं खाताय."

साठातली सगळी तिला सारखीच, पण थोरलीचं तसं नव्हतं. थोरली कुंपणात वाढलेली नव्हतीच. कुत्री, पोती, वर्ख, सगळ्यांतून निसटून आमच्या रानात उरलेली ती एकटी जुनी कासवी. कासवं सोडली त्याच वर्षी म्या यिनला ती ओढ्याच्या कपारीत सापडली. उजव्या कडेला जुन्या जाळाचा डाग, पाठ घासून गुळगुळीत. मग तिच्याही पाठीवर यंत्र बसलं. कुंपणातल्या माद्या अजून अंड्यांना आल्या नव्हत्या. अंडी घालायची ती थोरलीच. कुठली माती पोकळ, कुठं घोरपड येत नाही, हे फक्त तिला ठाऊक. तिच्या अंड्यांतून आठ वर्षांत सात पिल्लं जगली होती, आणि रानात जन्मलेलं म्हणावं तर तेवढंच.

रोज संध्याकाळी जेवताना म्या यिन नवऱ्याला दिवसभराचं सगळं सांगायची. चौदा नंबर कसा बाभळीत अडकला, तेवीस नंबरनं कसं तोंड फिरवलं. फो लोन हसायचा, विचारायचा. लंगड्या माणसाला तेवढंच रान. गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी तिनं त्याला असंच सांगितलं, "थोरली जड झालीय हो. मोठ्या बोरीच्या मागं, उताराला, दोन दिवस माती हुंगतेय. उद्या-परवा खड्डा काढील."

तिनं घास तोंडात घातला आणि फोन वाजला. जावई होता. चो झिनला कळा सुरू होऊन दुपार उलटली होती. पोर आडवं होतं. तालुक्याच्या इस्पितळातली डॉक्टरीण म्हणत होती, रात्र बघू, नाहीतर सकाळी ऑपरेशन.

तिनं फोन ठेवला. मग फो लोननं ताट सारलं.

"यिन, तोडगा करू."

"काय बोलताय?"

"थोरली कुठं आहे ते तुला ठाऊक आहे. पहाटे घेऊन ये. वर्ख मी शेजारच्या ट्वेकडून आणतो."

"थोरलीला? तळ्यात?" म्या यिनचा आवाज चढला. "शुद्धीवर आहात का? तिच्या पोटात अंडी आहेत!"

"आणि माझ्या लेकीच्या पोटात काय आहे? दगड?" फो लोन आयुष्यात कधी ओरडला नव्हता, तो ओरडला. "माझ्यासाठी केलंस ना? अनोळखी कासव धरून आणलंस, सोनं चढवलंस. मी उठून बसलो ना? मग पोटच्या पोरीसाठी करायला का गं मागं सरतेस?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. म्या यिननं तोंड उघडलंही. पण समोर तो माणूस आखडलेला पाय चोळत बसला होता, डोळ्यांत पाणी आणून, आणि तिला वाटलं, आजच्या रात्री नको. लेक सुखरूप सुटू दे, मग सांगू. "डॉक्टरीण आहे ना तिथं," ती म्हणाली. "सकाळी नऊच्या गाडीनं आपण दोघं जाऊ." फो लोननं तिच्याकडे पाठ केली आणि आडवा झाला. तोही झोपला नाही, तीही नाही, आणि एकमेकांना झोपलेलं समजून दोघं पडून राहिले. पहाटे-पहाटे कुठं तिचा डोळा लागला.

उठली तर चटई रिकामी. विहारात गेला असेल दिवा लावायला, असं म्हणून तिनं तोंडावर पाणी मारलं. गाडीला वेळ होता. रानातून एक चक्कर टाकून येऊ, थोरलीनं खड्डा काढला असेल तर वर काट्या टाकून ठेवू, नाहीतर आपण इस्पितळात आणि इकडे घोरपड मोकळी. ती जाळी घेऊन निघाली. मोठी बोर जवळ आली तरी डबा मुका. तिला वाटलं, बॅटऱ्या गेल्या.

उताराला खड्डा होता. चार बोटं खोल, ओला, कडेची माती ताजी, मागच्या पायांनी ओढलेली. अर्धाच. कासवी नव्हती. खड्ड्याभोवती धुळीत पावलं होती. एक पाऊल पुरं उमटलेलं आणि एक फरफटलेलं, एक पुरं आणि एक फरफटलेलं, गावाकडे जाणारं.

तीस वर्षं ज्याचं अंथरूण घातलं त्याची पावलं बाई ओळखणार नाही? ती पळत सुटली. त्या वयात, लुंगी गुडघ्यांवर खोचून, काटे ओरबाडत ती मैलभर पळाली.

विहाराच्या तळ्याकाठी पाच-सहा माणसं होती. फो लोन हात जोडून बसला होता. शेजारी दॉ ट्वे, घरापलीकडची, हातात वर्खाचा रिकामा कागद धरून. भंते पहाटेच भिक्षेला बाहेर पडले होते, नाहीतर त्यांनी अडवलं असतं.

"केव्हा सोडलंत?" म्या यिनला श्वास पुरत नव्हता.

"उजाडताना," फो लोन म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका. "काही धडपड नाही केली गं. तशीच गेली, माझ्या वेळच्यासारखी."

उजाडून दीड तास झाला होता. म्या यिन काठावर बसून तळ्याच्या मधोमध बघत राहिली, आणि तेवढ्यात त्याच्या लुंगीच्या गाठीत फोन वाजला. त्यानं कानाला लावला, ऐकलं, आणि बायकोचा हात धरला. "मुलगी झाली! ऑपरेशन करून काढली. दोघी सुखरूप, यिन, दोघी!"

काठावर एकच गलका झाला. बायकांनी हात जोडले, कुणी रडलं, कुणी हसलं. म्या यिनच्याही डोळ्यांना धार लागली. आपली लेक वाचली, या आनंदानं तिचा ऊर भरून आला, आणि त्याच उरात दुसरं काहीतरी फुटत होतं. तेवढ्यात दॉ ट्वे तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी? तुझा तोडगा तो तुझा तोडगा! म्या यिन, आमच्या थोरल्याला आठवड्याला दोनदा रक्त धुवायला न्यावं लागतं गं. मला एक दे. रानात साठ आहेत म्हणतात. कुठं बसतात ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"मलाही सांगून ठेवा, मावशी," मागून कुणी म्हटलं. "दिराचं मलेशियाचं अडलंय."

म्या यिननं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. चोवीस वर्षांपूर्वी अशीच माणसं होती, असेच भरलेले डोळे होते, आणि मध्ये ती होती, भजी वाढत. ती उठली, पायऱ्या उतरली आणि कपड्यांसकट तळ्यात शिरली. "अगं, थंडी! वेड लागलं का?" कुणी ओरडलं. छातीभर पाण्यात, तळ्याच्या मधोमध, तिच्या पायाला ती पाठ लागली. तिनं बुडी मारली आणि दोन्ही हातांनी थोरलीला वर काढलं.

काठावर आणून तिनं कासवीला डोकं खाली करून धरलं. थेट नाउंगनं शिकवलं होतं तसं पुढचे पाय आत-बाहेर दाबले. नाकातून पाणी गळलं, पुन्हा गळलं. पाऊण तास ती दाबत राहिली. कुणी निघून गेलं नाही. मान लोंबतच राहिली. पाठीवर वर्ख तसेच होते, एकही निघाला नव्हता.

"बघा," म्या यिन म्हणाली. "नीट बघा सगळ्यांनी. ट्वे, तूही बघ. शांत नाही जात ती. बुडते. हिला पोहता येत नाही. एकालाही येत नव्हतं. त्या त्रेचाळीस पाठी म्हाताऱ्या होऊन मेलेल्यांच्या नव्हत्या. तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. हा तोडगा माझ्या तोंडून गावात आला, आणि आता माझ्याच तोंडानं सांगते, यात काही नाही. नुसता खून आहे."

दॉ ट्वेनं हातातला कागद चुरगळला. तिच्या मनातून तोडगा गेला का, ते मी सांगू शकणार नाही. ज्याच्या घरात आजारी मुलगा आहे त्याच्या मनातलं कोण सांगणार?

फो लोन थोरलीकडे बघत होता. तो म्हणाला, "माझ्या वेळचं?"

"तेही."

"ओढ्याला लागलं म्हणालीस."

"खोटं बोलले. पहिल्या टोपल्यांतच निघालं ते. मी ओळखलं."

त्यानं मान खाली घातली. म्या यिनला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. त्याच्या लुंगीतला फोन घेऊन तिनं थेट नाउंगला लावला. तो पलीकडून भराभर बोलायला लागला. त्याला यायला तीन तास लागणार होते आणि तोवर आतली अंडी हातची जाणार होती. "मावशी, तुम्हाला जमेल का? आत्ता? अंडी फिरवायची नाहीत, जशी निघतील तशीच वाळूत ठेवायची."

जमेल का! बापाच्या घरी थंडीच्या दिवसांत तिनं हेच काम केलं होतं, पाठीच्या कडेला कोयता घालून, अंडी रश्श्यात टाकायला. लग्न झाल्यावर तिनं कोयत्याला हात लावला नव्हता. आता विहाराच्या स्वयंपाकघरातून तिनं नारळ फोडायचा कोयता मागून आणला. "धरा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?"

"तुम्हीच. दुसऱ्या कुणाचा हात मला नको."

फो लोननं दोन्ही हातांनी पाठ धरली. कोयता बसला तरी त्यानं हात सोडले नाहीत. पाच अंडी निघाली, पांढरी. एकाला तडा होता. म्या यिननं ती एकेक करून कुंडीतल्या वाळूत ठेवली, आणि प्रत्येकावर कोळशानं वरच्या बाजूला खूण केली. चारांतून काही बाहेर येईल की नाही, ते उन्हाळ्यापर्यंत कळणार नव्हतं. आली तरी ती कुंपणात वाढणार होती. ओढ्याची कपार, पोकळ माती, घोरपडीची वाट हे सगळं ज्या एकीला ठाऊक होतं, ती फो लोनच्या हातांत दोन तुकडे होऊन पडली होती.

नऊची गाडी निघून गेली होती. ती दोघं दुपारच्या गाडीनं गेली. उतरताना त्याचा पाय अडला तेव्हा तिनं सवयीनं हात पुढे केला आणि त्यानं तो धरला.

खाटेवर चो झिन उशांना टेकून होती, चेहरा उतरलेला. कुशीत पोर. आई-बापांना बघून ती रडायला लागली. "आई, सकाळी बाबांनी यांना फोनवर सांगितलं, तुझा तोडगा केला म्हणून. मला आत नेताना यांनी कानात सांगितलं, थोरलीला सोडलंय, घाबरू नको. माझी भीतीच गेली बघ. तुझा जीव किती होता तिच्यावर, आणि तू माझ्यासाठी..."

शेजारच्या खाटांवरच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. सबंध गावाला तोंडावर सांगितलेलं तिला या एका पोरीला सांगता येईना. टाके ओले होते, पोर एका दिवसाचंही नव्हतं. तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

फो लोन खाटेच्या कडेला बसला. त्यानं नखांतली माती दुसऱ्या हातानं काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही.

"पोरी, तुला डॉक्टरणीनं वाचवलं," तो म्हणाला. "मला हाडवैद्यानं वाचवलं होतं. आई नको म्हणत होती. मी चोरून थोरलीला नेलं आणि बुडवून मारलं."

चो झिन आईकडे बघायला लागली. म्या यिननं मान हलवली, हो म्हणून.